जास्त पाणी पिणं म्हणजे म्हातारपण नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात म्हाताऱ्या कुत्र्यांच्या काळजीवर आलं ते वाचलं. विषय घेतला त्याबद्दल आभार, नाहीतर आमच्याकडे गाई-बैलांच्या पुढे कोणी लिहीत नाही. पण वय झालं की कुत्रं कमी खातं, जास्त झोपतं, हे साहजिकच आहे असं जे छापलं ना, ते वाचून रात्री डोळा लागला नाही. याच समजुतीपायी आमची चंपी गेली.

चंपी 9 वर्षांची, गावठी. जागलीला माझ्यासोबत वावरात असायची, रोही असो की डुक्कर, पराटीत शिरू देत नव्हती. गेल्या मे महिन्यात सारखी पाणी प्यायला लागली. घमेलं भरलं की रिकामं, मग ढोरांच्या टाक्यात तोंड घालून लपालप पिणार अन् भाकर नुसती हुंगून बाजूला सरकणार. 45 डिग्रीचं ऊन, मला वाटलं उन्हानं होत असेल. बायको म्हणे, अहो ही सारखी मागून चाटते, दाखवून आणा, तर मी म्हटलं वय झालं तिचं. पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं, तेव्हा गाडीवर मांडीत घेऊन तालुक्याला पळालो. डॉक्टरांनी ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, पांढऱ्याफटक. पोट चाचपलं अन् पहिला प्रश्न, माजावर कधी आली होती? दीड महिना झाला होता. गर्भाशयात पू झाला होता! नसबंदी न केलेल्या, वय झालेल्या कुत्रीला माज गेल्यावर एक-दोन महिन्यांत हे होतं, पू बाहेर आला नाही तर जास्तच धोका, अन् गर्भाशय काढणं हाच खात्रीचा इलाज. तिथं सोय नव्हती, नागपूरला न्या म्हणाले. गाडी ठरवेपर्यंत ती गोठ्यातच गेली, टाक्याजवळ.

हे एवढं महत्त्वाचं, अन् तुमच्या अर्ध्या पानात त्याची एक ओळ नाही. दर 6 महिन्यांनी रक्त-लघवी तपासा असं तुम्ही लिहिलं, ते बरोबरच आहे, पण आमच्या दवाखान्यात ते मशीन नाही तर आम्ही काय करावं? घरी बघता येईल ते लिहा. महिन्यातून एकदा कापसाच्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं, वजन उतरत असलं तर लगेच कळतं. हिरड्या गुलाबी आहेत का, कानामागे अन् बोटांच्या बेचक्यात गोचीड आहे का, हे तर पोरंही बघतील. आणि म्हातारं कुत्रं लंगडतं म्हणून आपली अंगदुखीची गोळी चारतात लोक, त्यानं त्याचं पोट अन् किडनी जाते, हे तरी ठळक अक्षरात छापा.

चंपीची पोर ढवळी आता 6 वर्षांची आहे. तिची नसबंदी करायला पुढच्या आठवड्यात नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेतोय, या वेळी माज येण्याची वाट बघणार नाही.

अन् आणखी एक, बाजारभावाच्या पानावर कापसाचा भाव तीन दिवस तोच छापून येतोय. आम्ही तो बघून बंडी जुंपतो हो.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा