मावशी, पट्टा माझ्या हातात दिलात म्हणून

मावशी,

सा. न. वि. वि.

तुमचा चष्मा अजून दुरुस्तीलाच असणार, म्हणून हे नातीकडून वाचून घ्या. मध्येमध्ये हसू नकोस म्हणावं तिला.

मी काही कुत्र्यांसाठी येत नव्हतो. लेक रविवारी सकाळी तुमच्या निवाऱ्यातली बेघर कुत्री फिरवायची. तिला कोथरूडहून मुळशी रस्त्यापर्यंत स्कूटरवर आणायचं आणि फाटकाबाहेर पेपर वाचत बसायचं, एवढंच माझं काम. १९८४ साली, नऊ वर्षांचा असताना, सदाशिव पेठेत आमच्या वाड्याच्या बोळात मला कुत्रं चावलं होतं. त्या काळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. चावलेलं फारसं आठवत नाही, सुई आठवते.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "लई दुखलं आसंल. आता दंडात देत्यात. चावायच्या आदीच तीन घ्या आन् या." पहिल्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी घेतली. चौथ्या रविवारी तुम्ही ठमीचा पट्टा सरळ माझ्या हातात दिलात. विचारलंसुद्धा नाहीत.

ठमी दर चार पावलांवर थांबून गवत हुंगायची आणि मी ओढायचो. मागून तुमचा आवाज आला, "साहेब, फिरायला ती निघालीय. तुमी नुसतं संगं जायचं." आठवडाभर पिंजऱ्यात तेच ते वास घेतल्यावर त्या गवतात तिला काय काय मिळत असेल! मी फाटकाबाहेर वाचायचो तसा तिचा हा रविवारचा पेपर. तेव्हापासून ओढणं बंद.

आणि तो डंपर. त्याचा हॉर्न वाजला, ठमी मागे सरकली आणि गळपट्ट्यातून तिची मान सटकली. मी तिच्यामागे धावलो. नामदेव महाराजांच्या हातात निदान तुपाची वाटी होती, माझ्या हातात रिकामा पट्टा. तुम्ही ओरडलात, "पळू नगा! खाली बसा, तोंड फिरवून!" बसलो, चिखलातच. पाठलाग केला की कुत्रं आणखी पळतं, हे तेव्हा मला कुठं ठाऊक? किती वेळ गेला कोण जाणे, पाठीला ओलं नाक लागलं.

गळपट्ट्यात दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवायची, हे तुम्ही सकाळीच सांगितलं होतं. तरी कुणापाशी बोलला नाहीत. माझ्या लेकीपाशीसुद्धा नाही. (तिला आता कळेल.)

बाकीही पुष्कळ शिकवलंत. ठमीच्या कानाची खाच म्हणजे कुणी केलेली इजा नाही, नसबंदीची खूण. एप्रिलमध्ये तवा तापला का बघावं तसा उलटा हात डांबरावर टेकवायचा. पाच-सात सेकंद ठेववला नाही, तर कुत्र्याच्या पंजांनाही चटका बसणार.

गेल्या महिन्यात ठमीला घर मिळालं. सगळे पेढे खात होते आणि मी स्कूटरपाशी उगाच काच पुसत उभा होतो. तुम्ही पेढा आणून दिलात, आणि दुसऱ्या हातात त्या कोपऱ्यातल्या काळ्याचा पट्टा. "ह्याला कोन न्हाई बगा अजून."

काळ्या फार ओढतो. त्याच्या पट्ट्याचं कडं झिजलंय. रविवारी येताना नवं आणतो, जुनं तोवर वापरू नका.

तुमचा,
फाटकाबाहेरचा साहेब