सुभेदार आबा, तुमचे आभार

आदरणीय आबा,

नमस्कार.

यांच्या अपंगत्व पेन्शनची थकबाकी खात्यात जमा झाली. फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "झालं ना काम, बास" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, चारचौघांत.

हे हवालदार म्हणून घरी आले तेव्हा रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे घरी पाठवण्याआधी तपासणाऱ्या फौजी डॉक्टरांच्या मंडळाच्या, कागदावर लिहिलं होतं: मणक्यातली गादी सरकलेली, अपंगत्व 20 टक्के, कायमचं. आणि दुसऱ्या रकान्यात, हे दुखणं सैन्यसेवेमुळे झालेलं नाही, सेवेत बळावलेलंही नाही. कारण काय, तर पहिली नोंद झाली तेव्हा पोस्टिंग पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूर शांत ठिकाणी, होतं. या एका रकान्यापायी अपंगत्वाचा एक रुपया मिळेना. अपिलं फेटाळली गेली. एक एजंट तर थकबाकीत हिस्सा मागून गेला.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही फाईल बाजूला सारलीत आणि म्हणालात, "पाय कसा दुखतो ते आधी सांग." यांना असं कुणी विचारलंच नव्हतं. कंबरेतून कळ निघते, मांडीच्या मागून पोटरीत उतरते. रात्री तळवा पेटल्यासारखा होतो. डाव्या पायातली चप्पल वाटेत निसटते आणि पत्ता लागत नाही, घरी आल्यावर कळतं. तुम्ही सगळं यांच्याच शब्दांत लिहून घेतलंत, मधे एकदाही घाई केली नाहीत. नसेचं दुखणं बाहेरून दिसत नाही ना आबा. धडधाकट दिसणारा माणूस, याला कसलं अपंगत्व, असं भावकीतलेही बोलून दाखवायचे. फार लागायचं ते.

मग तुम्ही फाईल उघडलीत. भरतीच्या मेडिकलवर बोट ठेवून म्हणालात, "इथं एकही दुखणं नाही, बघ." धरमवीर सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये काय सांगितलं, ते मला समजेल असं सांगितलंत: भरतीवेळी नोंद नसेल तर नंतरचं दुखणं सेवेतलं मानायचं, आणि ते सिद्ध करायचा भार जवानावर नाही. पीस स्टेशनच्या आधी यांनी उंचावरच्या पोस्टवर पाठीवर ओझी वाहिली, ती सगळी पोस्टिंगं तुम्ही तारखांसकट अर्जात मांडलीत. पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरणात, म्हणजे फौजींच्या दाव्यांच्या कोर्टात, वकिलांना हेच कागद कामी आले.

राम अवतार खटल्याचा 2014 चा निकालही तुमच्यामुळेच कळला. मुदत पूर्ण करून घरी आलेल्यांनाही 20 टक्क्यांचे 50 धरायचे. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतात, म्हणजे आमच्या वाट्याला 6 ऐवजी 15 टक्के. महिन्याच्या गोळ्या आणि फिजिओथेरपीला जायचा खर्च आता उसन्यावर चालत नाही.

हे वाचणाऱ्या फौजी घरांना तुमचाच निरोप देते: बोर्डाच्या कागदाची प्रत घ्या, प्रत्येक रकाना वाचा, आणि 21 सप्टेंबर 2023 पासून घरी आलेल्यांना नवे नियम लागतात, तेही विचारून घ्या.

तुम्ही चहाशिवाय काही घेतलं नाहीत. यंदा जत्रेला काकूंना घेऊन जेवायला यायचं. हे स्वतः न्यायला येणार आहेत.

तुमची,
एका हवालदाराची बायको