जेऊरचे ग्रहण आणि माउंट हॅमिल्टनची दुर्बीण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हेलियम वायूच्या शोधाची आठवण म्हणून पाळला जाणारा हेलियम दिन आला की विजयदुर्ग किल्ल्यावरच्या, ग्रहणाच्या वेधांशी जोडलेल्या 'साहेबाच्या कट्ट्या'वर बातम्या येतात. यायलाच हव्यात. पण हेलियमच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते इंग्रज ज्योतिर्विद लॉकियर साहेब १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्गावर होते, असे त्यांत बरेचदा छापून येते. त्या वर्षी ते इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गला ते आले पुढे तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला. आणि त्याच दुपारी, तेच ग्रहण बघायला आमच्या जेऊरलाही साहेब आले होते, तेही थेट कॅलिफोर्नियाहून. त्यांची आठवण कोणी काढत नाही, म्हणून हे पत्र. (जेऊर म्हणजे करमाळा तालुक्यातले, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे. नगरजवळचे जेऊर वेगळे.)

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये मुलीकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेला होतो. गावाच्या पूर्वेला माउंट हॅमिल्टन नावाचा डोंगर आहे, उंची सुमारे ४,२०० फूट, आणि माथ्यावर लिक वेधशाळा. जेऊरला आलेले साहेब तिथलेच. जावयांनी विचारले, "बाबा, गोल्डन गेट झाला, आता काय बघायचं?" मी म्हटले, लिक. इतकी वर्षे तिथे राहून ते स्वतः कधी वर गेले नव्हते. सिंहगडाच्या पायथ्याला राहणाऱ्यांचे होते तसेच.

रस्ता १८७६ सालचा, घोडागाड्यांसाठी केलेला. घोड्यांना झेपावा म्हणून चढ सौम्य ठेवला आणि त्यापायी वळणांना अंत राहिला नाही. वळणे ३६५ आहेत असे तिथले लोक सांगतात. मी साठाच्या पुढे मोजणे सोडले, कारण सौ.ने आवळासुपारीची डबी मागितली.

वेधशाळा ज्याच्या पैशातून उभी राहिली तो जेम्स लिक मूळचा सुतारकामातला. दक्षिण अमेरिकेत पियानो बनवून त्याने पैसा केला, आणि १८४८ च्या जानेवारीत, कॅलिफोर्नियात सोने सापडण्याच्या जरासे आधी, सॅन फ्रान्सिस्कोला येऊन जमिनी घेतल्या. पुढे त्यांचे सोने झाले. म्हातारपणी स्वतःचे स्मारक म्हणून त्याला शहरात भलामोठा पिरॅमिड बांधायचा होता. जाणत्या लोकांनी त्याचे मन वळवले आणि जगातल्या कुठल्याही दुर्बिणीपेक्षा मोठी दुर्बीण उभारायला त्याने सात लाख डॉलर दिले. ती पाहायला तो उरला नाही, १८७६ मध्येच गेला. १८८७ साली त्याचे अवशेष डोंगरावर आणून दुर्बिणीच्या खांबाखालीच पुरले. वर हजारो लोक तारे बघून जातात आणि खाली मालक झोपलेला आहे. पिरॅमिड झाला असता तर कोण गेले असते बघायला?

दुर्बीण भिंगाची आहे, आरशाची नाही. भिंग ३६ इंच व्यासाचे, म्हणजे लग्नघरातल्या मोठ्या परातीएवढे. त्याची काच पॅरिसला ओतली, घासून दिली अमेरिकेतल्या अल्वन क्लार्क आणि मुलांनी. १८८८ च्या जानेवारीत पहिल्यांदा आकाशाकडे लावली तेव्हा चित्र स्पष्ट दिसेना. हिशेब चुकून नळी लांब झाली होती. मग एवढ्या महागड्या यंत्राची नळी चक्क करवतीने कापली! हे ऐकून मला फार बरे वाटले. १८९२ मध्ये याच दुर्बिणीतून बर्नार्ड या ज्योतिर्विदाला गुरूचा पाचवा चंद्र दिसला. गॅलिलिओने चार पाहिले त्याला तेव्हा २८२ वर्षे झाली होती.

आम्ही गेलो ती रात्र लोकांना दाखवण्याची होती. घुमटात अंधुक तांबडा दिवा, ५७ फुटांची नळी तिरकी उभी, आणि जुन्या लाकडी जमिनीवर बुटांचा खट-खट आवाज. तारा जसा वर किंवा खाली असेल तसे डोळा लावायचे टोकही खाली-वर जाते. आपण शिडी लावली असती. इथे घुमटाची अख्खी गोल जमीनच वर येते, आपण उभे असतो त्यासकट. मला आधी वाटले नळी खाली येते आहे. रांगेतून माझा नंबर आला तेव्हा हर्क्युलिस तारकासमूहातला तो प्रसिद्ध गोलाकार तारकागुच्छ लावलेला होता. काळ्या घोंगडीवर बारीक साखर सांडावी तसा. प्रत्येकाला अर्धे-पाऊण मिनिट मिळत होते. मी जरा जास्त घेतले.

बाहेर आल्यावर माहिती देणाऱ्या मुलीला मी विचारले, "तुमच्या कॅम्पबेल साहेबांची जेऊरची मोहीम ठाऊक आहे का?" नव्हती. तिने गावाचे नाव दोनदा म्हणवून घेऊन वहीत उतरवले.

विल्यम वॉलेस कॅम्पबेल हे लिकचे ज्योतिर्विद, पुढे वेधशाळेचे संचालक झाले. आइन्स्टाइनच्या सिद्धांताची परीक्षा घ्यायला १९२२ साली ऑस्ट्रेलियाच्या वॉलालला जे पथक गेले त्याचे प्रमुख हेच. १८९८ मध्ये ते सपत्नीक जेऊरला आले. सोबत चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता. एवढे धूड सूर्यामागे फिरवायचे कसे? तर फिरवायचेच नाही: भिंग जागच्या जागी घट्ट बसवायचे आणि खालची फोटोची काच घड्याळाच्या गतीने सरकवायची. हे सगळे जेमतेम दोन मिनिटांच्या काळोखासाठी. आणि दिवस कोणते, तर मुंबई इलाख्यात प्लेग धुमाकूळ घालत होता, रँडच्या खुनाला बरोबर सात महिने झाले होते. अशा वेळी आमच्या माळरानावर गोऱ्या बाई-साहेबांचा तंबू आणि आभाळाकडे रोखलेले ते नळकांडे बघून गावकरी काय म्हणाले असतील!

पण जेऊरला फक्त साहेब आले नव्हते. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे (आताचे सीओईपी) प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हेही आपली यंत्रे घेऊन तिथे आले होते. त्यांनी त्या वेधांचा सविस्तर अहवाल छापला आहे. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून कॉलेजात वेधशाळा उभी राहिली होती, आणि तिथली वीस इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. देशातली सर्वांत मोठी दुर्बीण पुण्यात होती हे आज किती पुणेकरांना माहीत आहे? १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालला गेले. दुर्बिणीचा दोष नव्हता. तिला पुढे १९८० च्या दशकात लेहला नेऊन कामाला लावले होते. लिकचा धनी दुर्बिणीखाली पुरला गेला तरी वेधशाळा चालू राहिली; आपल्याकडे एक प्राध्यापक पेन्शनीत निघाले आणि कुलूप लागले. कॅलिफोर्नियाहून परत आल्यापासून हे डोक्यातून जात नाही.

सॅन होजेने वेधशाळेसाठी कितीतरी वर्षे रस्त्यांवर पिवळे सोडियमचे दिवे ठेवले होते, कारण त्यांचा उजेड एकाच रंगाचा असल्याने तो गाळून आकाश बघता येते. (आता तिथेही एलईडी आले.) एवढी अपेक्षा मी आपल्याकडून करत नाही. जेऊर स्टेशनच्या फलाटावर एक फलक असावा, मराठीत, त्यावर तारीख आणि दोन नावे: कॅम्पबेल आणि नायगमवाला. खर्च फार तर एका सत्कार समारंभातल्या शाली-नारळांएवढा. तालुक्यातल्या शाळांनी २२ जानेवारीला मुलांना फलाटावर नेऊन ही गोष्ट सांगावी.

आणखी एक. तंबू नेमके कोणत्या शिवारात होते ते आज गावात दाखवता आले पाहिजे. जेऊर, शेलगाव, केम या बाजूच्या जुन्या घरांत पणजोबांकडून आलेली काही ऐकीव गोष्ट असेल, "इथे साहेबाने नळा लावला होता" असे कोणी बांधावर सांगत असेल, किंवा ट्रंकेत एखादा पिवळा पडलेला फोटो असेल, तर त्यांनी ते आपल्या दैनिकाकडे पाठवावे आणि आपण ते छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, जेऊर (ता. करमाळा)