गावाचा रस्ता वेगळा, गोव्याचा वेगळा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

बेळगावकडच्या आमच्या खानापुरात जंगलातल्या रस्त्याचा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात, एकीला रस्ता पाहिजे, दुसरीला जंगल. मी दोन्हीकडचा, कारण माझी बहीण भीमगड अभयारण्याच्या आतल्या गावात दिलेली आहे.

पावसाळ्यात नाला चढला की तिथं पेशंटला बांबूच्या डोलीत घालून खांद्यावर आणायचं, खाली जळवा, फोनला रेंज नाही. २०२४ च्या जुलैत तिथल्याच आमगावच्या एका बाईला असंच आणलं तेव्हा सगळ्या पेपरात आलं, मग स्थलांतराची बोलणी, कुटुंबामागे १५ लाख वगैरे. ज्यांना जायचंय ते जाऊ देत, पण राहणाऱ्यांना नाल्यावर साकव आणि बारमाही जीप जाईल एवढा रस्ता तरी द्या की. दिवसाला चार गाड्या जाणार, त्यानं कुठला गवा मरतोय?

खरी कटकट याच रानातनं हेम्माडगावरून अनमोडला जाणाऱ्या रस्त्याची. शनिवारी गोव्याला निघालेले शॉर्टकट म्हणून इकडनं घुसतात. मागच्या महिन्यात तिन्हीसांजेला मी बाईकवरनं येत होतो, वळणावर गव्यांचा कळप आडवा जात होता, मोठे गेले आणि एक पाडस मधेच अडकलं, तर मागच्या कारवाल्यानं हाय बीम मारून हॉर्न दाबूनच धरला. पाडस तिथंच गरगर फिरायला लागलं. थोडं पुढं उदमांजर चिरडून पडलेलं, अजून ओलंच होतं.

म्हादई या भीमगडातच उगम पावते, तिच्या पाण्यावरनं कर्नाटक आणि गोवा कोर्टात भांडतात, पण २०११ ला अभयारण्य झालेल्या या रानातनं रात्री कोण किती स्पीडनं जातंय ते विचारायला कुणी नाही. आपल्याच कर्नाटकात बंडीपूरच्या जंगलात २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ गाड्या बंद आहेत, ॲम्ब्युलन्स आणि मोजक्या सरकारी बस तेवढ्या सोडतात. हेम्माडगा रस्त्याला तेच लावा, आतल्या गावच्या गाड्यांना पास द्या. गोव्याला जायला चोर्ला घाट आहे, रामनगरवरनं हायवे आहे. आणि हायवे मोठाच करायचा तर पेंच व्याघ्र प्रकल्पात नागपूरच्या रस्त्याला केलंय तसं करा, वरनं गाड्या, खालनं जनावरं, तिथल्या अंडरपासमधनं वाघसुद्धा जाताना कॅमेऱ्यात आलेत. खर्च होतो, पण रुंदीकरणाला पैसे निघतात तर ह्यालाही निघतील.

बाकी बहिणीच्या गावचा साकव तेवढा लवकर बघा, मिरगाला दीडच महिना राहिलाय.

– एक वाचक, खानापूर