सावंतवाडी सुंदर आहेच, आता नीट वाढू दे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली लहान शहराचं सुशोभीकरण म्हटलं की ठरलेलंच असतं, पेव्हर ब्लॉक, खांबांना गुंडाळलेल्या एलईडीच्या माळा, उद्घाटनानंतर महिनाभर चालणारं कारंजं आणि मोठ्ठ्या इंग्रजी अक्षरांचा सेल्फी पॉइंट. त्यामुळे आमच्या सावंतवाडीला निधी मिळणार अशी बातमी आली की मला आनंद व्हायच्या आधी धास्तीच वाटते. अहो, गावाच्या मधोमध मोती तलाव आहे, शेजारी राजवाडा आहे, वर नरेंद्र डोंगर आहे, आणखी काय आणून ठेवणार? हा तलाव 1874 साली बांधला म्हणतात, आणि आजही संध्याकाळी अर्धं गाव त्याच्या काठावर असतं, म्हातारी माणसं, कॉलेजची पोरं, गोव्याला जाता जाता गाडी थांबवलेले पाहुणे, सगळे एकाच कट्ट्यावर, आणि कुणाला तिकीट नाही.

बरं, पाहुण्यांचंच बोलायचं तर हायवे आता गावाबाहेरून जातो आणि कोकण रेल्वेचं स्टेशन तर पहिल्यापासून लांब मळगावला, म्हणजे आता गावात जो शिरतो तो वाट वाकडी करून, मुद्दाम येतो. तो काय बघायला येतो? तलाव, राजवाड्यातली गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, चितारआळीतली लाकडी खेळणी. मग त्याला तलावाकडून चितारआळीत चालत जाता येईल असा सलग फुटपाथ, जिथे मध्येच डीपी बॉक्स किंवा उभी केलेली बाईक आडवी येत नाही, हे पहिलं सुशोभीकरण. एसटी स्टँडजवळ स्वच्छ बाथरूम हे दुसरं. फोटोत येत नाही म्हणून ते मागे पडतं, पण बायामाणसांना विचारा काय जास्त सुंदर वाटेल ते.

झाडांचं तर विचारूच नका, शोभेचे पाम कशाला हवेत? इथल्या खेळण्यांसाठी पूर्वीपासून पांगाऱ्याचं लाकूड वापरत आलेत, हलकं असतं, कोरायला सोपं. तो पांगारा आता शोधावा लागतो. रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, शहराबाहेरच्या मोकळ्या जागांत पांगारा लावला तर उन्हाळा सुरू होताना लालभडक फुलतो, पक्षी येतात, आणि वीस वर्षांनी कारागिरांच्या पुढच्या पिढीला लाकूडही मिळेल. खेळण्यांना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं याचा आपल्याला अभिमान आहे, मग लाकडाची सोय कोण करणार?

आता वाढीचं. घरं, लॉज, बिल्डिंगा होणारच, माणसं येणार आणि येऊ देतच, हे गाव कुणाला परकं मानणारं नाही. पण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डोंगरउताराला जेसीबी लावून प्लॉट पाडले, व्हाळ म्हणजे ओढे बुजवून वर काँक्रीट टाकलं की ते पाणी खाली कुणाच्यातरी घरात शिरणार आणि वर जमिनीत मुरणार नाही ते वेगळंच, मग मे महिन्यात विहिरी कोरड्या पडल्या म्हणून टँकर मागवायचा. म्हणून विकास आराखड्यात रस्ते आणि आरक्षणं दाखवतात तसे व्हाळ, पाणंदी आणि उतारही ठळक दाखवायला हवेत, आणि तिथे बांधकाम नाही म्हणजे नाही. आरक्षणाचंही एक आहे, 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे बागेसाठी किंवा मैदानासाठी राखलेली जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देतो, पुढे चोवीस महिन्यांत काही हालचाल झाली नाही की आरक्षण सुटतं. म्हणजे लाइटिंगवर खर्च करायच्या आधी ह्या जागा हातात घ्यायला पैसे ठेवायला नकोत का?

प्रारूप आराखडा निघाला की हरकती-सूचनांना तीसच दिवस असतात, आणि सर्व्हे नंबरांनी भरलेला तो नकाशा माझ्यासारख्या माणसाला कळतही नाही. तेव्हा पुढच्या वेळी तो मोठा छापून, घरं-देवळं-शाळा ओळखता येतील असा मराठीत, आठवडा बाजाराच्या दिवशी भर बाजारात लावावा आणि समजावून सांगायला एक माणूस तिथे बसवावा, एवढी आपल्या पेपरमधून विनंती.

आपला,
एक सावंतवाडीकर वाचक