पंप बंद करण्यापूर्वी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. अनघाला हल्ली धाप लागत नाही, तेव्हा तिचा दम्यासाठीचा रोजचा स्टेरॉइडचा पंप बंद करून फक्त धाप लागल्यावर घ्यायचा निळा पंप जवळ ठेवावा, असे तुमच्या घरात चालले आहे, हे वाचून मला काळजी वाटली. काकूंना सवय लागण्याची भीती वाटते, ती मी समजू शकतो. पण धाप थांबली म्हणजे श्वासनलिकेच्या आतली सूज गेली असे होत नाही, आणि हेच तुला सविस्तर सांगायचे आहे.

तिच्या त्वचेच्या चाचणीत डस्ट माइटची अ‍ॅलर्जी निघाली होती. हा जीव जेमतेम पाव मिलिमीटरचा असून गादी, उशी आणि गोधडीत राहतो, आपल्या त्वचेचे कोंड्यासारखे कण खातो आणि पाणी न पिता हवेतला ओलावा शोषतो, म्हणून कोकणातला पावसाळा त्याला फार मानवतो. तो चावत नाही. त्रास देते ती त्याची विष्ठा, कारण तिच्यातील एक प्रथिन श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशींना जोडणारे बंध तोडते. दुखावलेल्या पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात. पहारेकरी पेशी त्या प्रथिनाचे तुकडे लसिका ग्रंथींत नेतात, आणि तेथून मिळालेल्या आदेशानुसार आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार होऊन मास्ट पेशींवर, म्हणजे अ‍ॅलर्जीची रसायने साठवणाऱ्या पेशींवर, जाऊन बसतात. एवढे सगळे घडेपर्यंत मुलीला काहीही जाणवत नाही.

(या प्रतिपिंडाचा सुगावा कसा लागला, ते मला नेहमीच विलक्षण वाटते. क्युस्टनर आणि प्राउस्निट्झ हे दोघे डॉक्टर. क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. त्यांच्या रक्ताचा सीरम प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच तेथे गांधी उठली. हे 1921 साली प्रसिद्ध झाले. इशिझाका या संशोधक दांपत्याने आयजीई ओळखले ते 1966 मध्ये.)

पुढे तेच प्रथिन पुन्हा श्वासावाटे आत गेले, की ते शेजारशेजारच्या आयजीईंना एकत्र बांधते, मास्ट पेशींतून हिस्टामीन आणि ल्युकोट्राइन ही रसायने बाहेर पडतात आणि काही मिनिटांतच श्वासनलिकेचे स्नायू आवळतात. घरघर ऐकू येते ती याच वेळी. मात्र अनेकांमध्ये काही तासांनी दुसरी लाट येते: इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी तेथे गोळा होतात, अस्तर सुजते, कफ दाटतो. ही सूज रेंगाळते आणि नळ्या इतक्या हळव्या करून ठेवते, की मग फोडणीचा ठसका किंवा उदबत्तीचा धूरही पुरतो.

निळ्या पंपातील साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू सैल करते, सुजेला हात लावत नाही. सूज उतरवतो तो रोजचा पंप, तोही हळूहळू, आणि त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, स्टेरॉइडच्या गोळ्यांची मिलिग्रॅममध्ये. 2019 पासून तर दम्यावरील ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शनात किशोरवयीनांना केवळ निळ्या पंपावर ठेवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे, आणि अनघा त्याच वयाची आहे.

पंप घेतल्यावर तिला चूळ भरायला लाव. चादरी आणि खोळी 60 अंशांच्या पाण्यात धुवा, मात्र त्या भरवशावर औषध सोडू नका. पुढच्या भेटीत स्पायरोमेट्रीविषयी, म्हणजे फुंकर मारून करायच्या श्वासाच्या तपासणीविषयी, डॉक्टरांना विचार. सुमारे 3 महिने दमा नीट आटोक्यात राहिला, तर मात्रा पायरीपायरीने कमी करण्याचा विचार तेच करतील. काकूंना हे पत्र वाचून दाखव आणि त्यांच्या शंका मला मोकळेपणाने कळव.

काकूंना साष्टांग नमस्कार, अनघाला आशीर्वाद.

तुझा,
माधव