आत किती जवान गेलेत, हे बाहेर कोणाला माहिती असतं?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

14 एप्रिल जवळ आला की पेपरात अग्निशमन सप्ताहाचे फोटो येतात, धुवून चकाचक केलेले बंब, हेल्मेट घातलेली शाळेतली पोरं, आणि 1944 साली मुंबई गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला त्यात गेलेल्या 66 अग्निशमन जवानांची आठवण. मानवंदना द्यायलाच हवी. पण माझा धाकटा भाऊ याच नोकरीत आहे, त्याची नाईट असली की आईला झोप लागत नाही, त्यामुळे मला हार-तुऱ्यांच्या पुढचं विचारायचंय.

9 मे 2015 ला काळबादेवीची गोकुळ निवास इमारत पेटली होती, आठवत असेल. जुनं लाकडी बांधकाम, चिंचोळी गल्ली. रहिवाशांना बाहेर काढलं आणि नंतर इमारत कोसळली. संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि खुद्द मुंबई दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर असे चार अधिकारी आपण त्या एका आगीत गमावले. त्यांच्या शौर्यावर शंका घेणाऱ्याची जीभ झडो. पण दलाचे वरचे अधिकारीच एका इमारतीखाली सापडतात तेव्हा पुढच्या वेळी कोणी कुठे उभं राहायचं हे तरी पक्कं ठरायला नको का? आगीत लाकडी तुळया जळून बारीक होत जातात, लोखंड तापून मऊ पडतं, आणि आत पाइप धरून बसलेल्याला धुरात यातलं काहीच दिसत नाही. भिंतीला तडा गेला, पोट आलं, धुराचा रंग बदलला हे बाहेरून बघणाराच ओळखू शकतो. म्हणून कमांड घेणाऱ्याने बाहेरच थांबायचं असतं, त्यात भित्रेपणा कसला!

बरं यात नवीन काही नाही. 1970 साली कॅलिफोर्नियात वणवे पेटले तेव्हा वेगवेगळ्या यंत्रणा आल्या आणि कोण कोणाचं ऐकतंय तेच कळेना, त्यातून ही इन्सिडंट कमांडची पद्धत निघाली. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्येच तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. घटनास्थळी एकच कमांडर, प्रत्येकाला एकच वरिष्ठ, एका माणसाच्या हाताखाली तीन ते सात जण, त्याहून जास्त नाही, आणि एक सेफ्टी ऑफिसर ज्याला धोका दिसला की तिथल्या तिथे काम थांबवायचा अधिकार. कागदावर सगळं आहे हो. पण आपल्याकडे आग लागली की नगरसेवक येतो, आमदार येतो, सोसायटीचे चार जण येतात आणि प्रत्येकजण बंबावाल्याला सांगतो इकडे पाणी मारा तिकडे मारा, लग्नघरात आचाऱ्याला दहा जण सूचना देतात तसं, फक्त इथे मीठ जास्त होत नाही, माणूस जातो.

आता बीए सेटचं सांगते, म्हणजे पाठीवरची हवेची टाकी. सहा लिटरची टाकी 300 बार दाबाला भरली की साधारण 1800 लिटर हवा होते. माणूस मिनिटाला 40 लिटर ओढतो असं धरलं तर हिशोबाने 45 मिनिटं, पण अंगावर एवढं ओझं घेऊन जिने चढताना, कोणाला तरी ओढत आणताना श्वास दीडपट-दुप्पट होतो आणि ती हवा अर्ध्या तासात संपायला येते. दाब 50-55 बारवर उतरला की सेटची शिटी वाजते, पण शिटी वाजल्यावर निघायचं नसतं, शिटी वाजेपर्यंत बाहेर पोचलेलं असायचं असतं. त्यासाठी दारात एक माणूस फक्त फळा घेऊन उभा पाहिजे. आत जाणाऱ्याने आपला बिल्ला त्याच्याकडे द्यायचा, त्याने नाव, टाकीतला दाब आणि आत गेल्याची वेळ लिहायची, बाहेर आला की बिल्ला परत. जो बिल्ला फळ्यावर राहिला तो माणूस आत राहिला, इतकं सरळ. भाऊ सांगतो की ट्रेनिंगला हे घोटून घेतात, पण वर्दीवर, म्हणजे आगीच्या कॉलवर, माणसं कमी पडतात, मग फळा धरणाऱ्यालाच पाइप धरायला पाठवतात.

अमेरिकेत वूस्टरला 3 डिसेंबर 1999 ला एका बंद पडलेल्या शीतगोदामाला आग लागली. आत माणसं असतील म्हणून दोन जवान शोधायला गेले, धुरात वाट चुकले, त्यांना शोधायला गेलेले चौघे पण परत आले नाहीत. ज्यांच्यासाठी गेले ते लोक आधीच बाहेर पडलेले होते. आणखी जवान आत घुसायला निघाले तेव्हा अधिकारी माइक मॅकनामी दारात आडवे उभे राहिले, आता कोणी जायचं नाही म्हणाले. आपलीच सहा माणसं आत असताना हे सांगायला काय काळीज लागलं असेल!

म्हणून सोसायट्यांना पण विनंती आहे. बंब आला की सगळ्यांनी एकदम ओरडू नका, एकाच माणसाने कमांडरकडे जावं आणि सांगावं की कोण आत आहे, कोण बाहेर आलंय, सिलिंडर कुठे, मेन स्विच कुठे, पाण्याची टाकी कुठे. आत कोणी नाही एवढं खात्रीने सांगितलंत तरी दोन जवानांचा जीव वाचू शकतो.

आणि तुमच्या बातमीदारांनी आगीची बातमी देताना किती बंब, किती टँकर हे लिहितात तसं कमांड कोणाकडे होती, दारात फळा होता का, आत गेलेल्यांची हजेरी घेतली का हेही विचारावं. या सप्ताहात पालिका प्रात्यक्षिक ठेवतील तेव्हा नुसते फवारे दाखवू नका, माघारीचा भोंगा वाजवा, सगळे जवान बाहेर यायला आणि बिल्ले जुळायला किती मिनिटं लागली ती मोजा आणि छापा.

— एका अग्निशमन जवानाची बहीण, कल्याण